पोटाचं डायलिसिस घरी करताना: हातांचं काम

सीएपीडी, म्हणजे लोक ज्याला पोटाचं डायलिसिस म्हणतात, ते घरी करण्याचा निर्णय आमच्याकडे सासूबाईंसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटर द्रव बॅगेतून नळीवाटे पोटात सोडायचा, काही तास तिथे ठेवायचा, मग तो काढून नवा भरायचा. या अदलाबदलीला एक्स्चेंज म्हणतात. पोटाच्या आतल्या अस्तरातून रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्या द्रवात उतरतं. मशीन लागत नाही, वीज लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. मोठा धोका एकच. नळीच्या तोंडातून जंतू आत गेले तर पोटाच्या अस्तराला संसर्ग होतो, त्याला पेरिटोनायटिस म्हणतात. आणि ते तोंड रोज तीनदा उघडलं जातं, घरातल्याच कुणाच्या तरी हातांनी.

हा निर्णय घेऊ पाहणाऱ्या घरांसाठी लिहिते आहे. किडनीचं शास्त्र डॉक्टर समजावतात, पण हातांबद्दलचे बारकावे मात्र तुकड्या-तुकड्यानेच कळत जातात. हात धुणं आठवडाभरात अंगवळणी पडतं. धुतल्यापासून पोटाची नळी आणि बॅग यांची जोडणी होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात हात कशाकशाला शिवतो, तिकडे लक्ष जायला जास्त वेळ लागतो. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

ऑगस्ट: नळी बसायच्या आधीची तयारी

रक्ताचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, हा पर्याय समोर होताच. सासूबाईंच्या हृदयाची ताकद कमी होती आणि हाताच्या शिरा बारीक, म्हणून नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, पोटाचं सुचवलं. लगेच हो म्हणू नका, आधी खोली आणि बेसिन बघा, असं डायलिसिस सेंटरच्या सिस्टरनी सांगितलं. फोटो मागवले, ते आम्ही फोनवर पाठवले.

वेगळी खोली असलीच पाहिजे असं नाही. नाशिकला पंचवटीतल्या जुन्या वाड्यात एकाच खोलीत उत्तम सीएपीडी करणारी माणसं आहेत. लागतं ते इतकंच: दार-खिडकी बंद करता येईल असा कोपरा, पुसता येईल असं टेबल, बॅग टांगायला भिंतीत किंवा स्टँडवर हूक, आणि दहा-बारा पावलांत वाहतं पाणी. बेसिन लांब असेल तर परतताना दाराची कडी, पडदा, दिव्याचं बटण असं काही ना काही हाताला लागतंच. आमचं बेसिन पॅसेजमध्ये होतं. मधलं दार उघडं ठेवायचं, आणि आत आल्यावर ते दुसऱ्या माणसाने लावायचं, असं ठरवलं. एकट्याने करायची वेळ आली तर दार कोपराने ढकलून लावायचं.

नळ बदलून घेतला. फिरकीचा नळ ज्या घाण हाताने उघडतो त्याच धुतलेल्या हाताने बंद करावा लागतो, म्हणजे केलेलं पाण्यात. कोपराने उघडबंद होणारा लांब दांड्याचा नळ साधारण बाराशे रुपयांना मिळाला, प्लंबरची मजुरी वेगळी. ज्यांना बदलायचा नाही त्यांनी हात पुसलेल्या कागदानेच नळ बंद करायचा.

पाण्याची टाकी धुऊन घेतली. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि ते चांगलं असतं, पण गच्चीवरच्या टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ महापालिकेच्या हातात नाही. नळाच्या पाण्यातही जंतू असतात. म्हणूनच साबणाने धुऊन हात पूर्ण कोरडे करायचे आणि त्यानंतर अल्कोहोलचं हँडरब चोळायचं, असा दुहेरी क्रम सांगतात. दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहणार असेल त्या दिवसासाठी झाकणाचा, तोटीचा पिंप भरलेला ठेवला. बादलीत मग बुडवून हात धुणं चालत नाही. मगाची मूठ प्रत्येक वेळी पाण्यात जाते.

सप्टेंबर: ऑपरेशन आणि मधले दोन आठवडे

नळी बसवायचं ऑपरेशन छोटं असतं. बेंबीच्या बाजूला, पट्ट्याची रेघ चुकवून नळी बाहेर येते. सिलिकॉनची ही नळी हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये सियाटलला बनवली, अजूनही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आमचा मुक्काम दोन रात्रींचा झाला. विमा कंपनीने ऑपरेशनचं बिल मंजूर केलं, पण मास्क, ग्लोव्ह्ज, सॅनिटायझर असल्या बाबी कापल्या. घरी लागणाऱ्या बॅगांचा खर्च आमच्या पॉलिसीत बसत नव्हता. तुमची पॉलिसी ऑपरेशनच्या आधी वाचा आणि ‘हॉस्पिटलबाहेर घेतलेले उपचार’ हे कलम नेमकं शोधा. तीन बॅगांच्या हिशेबाने आमचा खर्च महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास जातो.

जखम भरेपर्यंत साधारण दोन आठवडे थांबायचं असतं. या काळात वरचं ड्रेसिंग घरी उघडायचं नाही, भिजू द्यायचं नाही. तेच दिवस हातांच्या सरावाला वापरले, आणि ते फार उपयोगी पडलं.

एक प्रयोग जरूर करा. डोळे मिटून, साबणाऐवजी पोस्टर कलर हातावर घ्यायचा आणि नेहमी हात धुतो तसा तो चोळायचा. डोळे उघडले की कोरे राहिलेले भाग दिसतात: अंगठे, बोटांची टोकं, नखांभोवतीची कड, बोटांच्या बेचक्या. सगळ्यांचे तेच भाग सुटतात. नळीचं टोक आपण धरतो ते मात्र नेमकं अंगठ्याने आणि बोटांच्या टोकांनी. म्हणजे जो भाग कामाचा, तोच धुवायचा राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनात साबण-पाण्याने हात धुवायला सगळं मिळून ४० ते ६० सेकंद दिले आहेत, हँडरबला २० ते ३०. क्रम असा: तळव्यावर तळवा, एका हाताचा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर, बोटं बेचक्यांत घालून, तळव्यावर तळवा ठेवून पुन्हा बेचक्या, बोटांची पाठ समोरच्या तळव्यात, बोटं एकमेकांत अडकवून, एकेक अंगठा मुठीत धरून गोल, शेवटी बोटांची टोकं तळव्यावर गोल घासायची. एक्स्चेंजसाठी मनगटाच्या वरपर्यंत जायचं. घाईत हमखास गळतात ते अंगठे आणि टोकं, कारण ती क्रमात शेवटी येतात. म्हणून आमच्याकडे सुरुवात अंगठ्यांपासूनच करायची असं ठरलं. सिस्टरनी हरकत घेतली नाही, सगळे भाग झाले म्हणजे झालं.

साबणाबद्दल दोन गोष्टी. वडी वापरत असाल तर ती जाळीवर ठेवा, डबक्यात लोळणारी वडी नको. पंपाची बाटली असेल तर संपत आली म्हणून वरून नवा साबण ओतू नका. रिकामी झाली की धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच भरायची. तळाच्या जुन्या साबणात जंतू वाढतात आणि आपण दर वेळी त्यांना ताजं खाद्य देतो. साबण जंतुनाशकच हवा असं नाही.

पुसण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज पसरतात. बेसिनशेजारी लटकणारा घरचा टॉवेल तर बादच. कागदी टॉवेल महाग पडायला लागले, म्हणून जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे तुकडे केले. ते गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून झाकणाच्या डब्यात ठेवतो. एका धुण्याला एक तुकडा, मग थेट धुण्याच्या बादलीत. सेंटरला विचारून घेतलं, त्यांनी चालेल म्हणून सांगितलं. तुम्हीही विचारून घ्या.

नखं, अंगठ्या, बांगड्या, दोरे

हा विषय सेंटरमध्ये एका वाक्यात उरकतात: ‘कोपरापासून खाली काही नको.’ घरी मात्र त्यावर बरीच चर्चा होते.

नखं बोटाच्या टोकाबाहेर दिसता कामा नयेत. नेलपॉलिश नको, कारण टवके उडालेल्या कडेत मळ धरतो आणि नखाखालचं दिसत नाही. मेंदीचा रंग चालतो. कणकेचं मात्र बघा. सकाळच्या पोळ्या आणि दुपारचं एक्स्चेंज लागोपाठ येतात, नखाच्या कडेला वाळलेली कणीक नुसत्या हँडरबने जात नाही. हँडरब मळावर काम करत नाही, तिथे साबण-पाणीच. हळदीचा पिवळेपणा नुसता डाग असतो, तो घासत बसून कातडी सोलू नका.

अंगठीखालच्या कातडीवर जंतूंची संख्या जास्त असते, साध्या गुळगुळीत वळ्याखालीसुद्धा. काढायचीच. घड्याळ, जत्रेतून आणलेला गंडा, नवरात्रातला दोरा, राखी, ही सगळी ओल धरून बसणारी मंडळी. दोरा तोडायचा नसेल तर तो गळ्यात बांधा, नाहीतर देवघरात ठेवा.

बांगड्यांचं जास्त नाजूक. सासरे आहेत, त्यामुळे सासूबाई हात मोकळे ठेवायला तयार नव्हत्या, आणि आजारी माणसाशी रोज तीनदा त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. घट्ट काचेच्या बांगड्यांऐवजी सहज निघतील अशा मोठ्या मापाच्या दोन घेतल्या. एक्स्चेंजच्या आधी त्या काढून वाटीत ठेवायच्या, झालं की लगेच हातात. बांगड्या कोपरापर्यंत चढवून वर रुमाल बांधणं हा उपाय लोक सुचवतात. तो मला पटत नाही, बॅग टांगताना हात वर गेला की त्या घसरतात. मंगळसूत्र आणि ओढणी किंवा पदर आत खोचायचे. वाकल्यावर पदर थेट नळीवर येतो.

ऑक्टोबर: ट्रेनिंग

ट्रेनिंग साधारण आठवडाभर चाललं, रोज काही तास. आधी नळी जोडलेल्या एप्रनवर सराव, मग प्रत्यक्ष. शेवटी सिस्टर परीक्षा घेतात: करून दाखवा आणि ‘असं झालं तर काय कराल’ याची उत्तरं द्या. घरातून दोन माणसं पाठवा. एकच शिकलेलं असेल आणि त्यालाच ताप आला तर पंचाईत होते. सासूबाईही बसल्या, कारण पुढे त्यांनी स्वतः करावं असं ठरलं होतं.

एक्स्चेंजचा क्रम हाताच्या दृष्टीने सांगते. तुमच्या सेंटरची पद्धत थोडी वेगळी असेल तर तीच पाळायची.

आधी सगळी घाण हातांची कामं. पंखा बंद, खिडकी बंद, टेबल अल्कोहोलने पुसणं, कोमट केलेली बॅग आणणं, तिच्यावरची तारीख, द्रवातल्या ग्लुकोजची टक्केवारी आणि गळती बघणं, नवी कॅप, दोन चिमटे आणि हँडरब टेबलावर मांडणं. रुग्णाने झगा किंवा साडी सैल करून पोटाची नळी, तिचं टोक म्हणजे ट्रान्स्फर सेट, बाहेर काढून ठेवायचा. मास्क दोघांनीही लावायचा आणि तो हात धुण्याच्या आधी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बऱ्याच माणसांच्या नाकात वस्तीला असतो. धुतलेल्या हाताने मास्क नाकावर चढवला की हात पुन्हा पहिल्या जागी.

मग धुणं, पुसणं, आणि बॅगेचं बाहेरचं वेष्टण फाडणं. बॅग टांगायची, रिकामी बॅग खाली स्वच्छ ट्रेमध्ये. इथे थांबून हँडरब. दोन पंप, म्हणजे ओंजळीतला तळवा भरेल इतकं, आणि हात आपोआप वाळेपर्यंत चोळत राहायचं. फुंकर मारायची नाही, झटकायचे नाहीत, कापडाला पुसायचे नाहीत. अल्कोहोल उडून जाईपर्यंतच काम करत असतं.

यापुढे जोडणी होईपर्यंत हातांनी फक्त दोन वस्तूंना शिवायचं: ट्रान्स्फर सेट आणि बॅगेच्या नळीचं टोक. आमच्या आजेसासूबाईंच्या सोवळ्याशी हे इतकं जुळतं की सासूबाईंना नियम एका दमात कळला. फरक इतकाच की इथे माणसाचा विटाळ नाही, चष्म्याचा आहे. चष्मा वर सारणं, केस मागे घेणं, वाजणारा फोन उलटा करणं, नाक खाजवणं: हात या गोष्टी आपल्याला न विचारता करतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, चष्मा दोरीने बांधा. तरीही कशाला शिवलंच तर मुकाट्याने पुन्हा हँडरब. वीस सेकंदांचं काम आहे.

पकड अशी. उजव्या हाताचं माणूस असेल तर ट्रान्स्फर सेट डाव्या हातात, टोकापासून दोन बोटं मागे, तोंड किंचित खाली, म्हणजे वरून काही पडत नाही. बॅगेची नळी डाव्याच हाताच्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात अडकवायची. उजव्या हाताने आधी बॅगेच्या टोकावरची कडी ओढायची, मग ट्रान्स्फर सेटची कॅप फिरवून टाकून द्यायची, लगेच दोन्ही टोकं जोडून पिळायची. उघडी टोकं एकमेकांखेरीज कशालाही लागता कामा नयेत. या वेळी बोलायचं नाही.

मग ट्रान्स्फर सेटचा क्लॅम्प, म्हणजे नळी बंद-उघड करणारी खटकी, उघडून जुना द्रव खाली उतरवायचा, पंधरा-वीस मिनिटं. तो झाला की पेशंटकडचा क्लॅम्प बंद करून नवा द्रव पाच सेकंद थेट खालच्या बॅगेत जाऊ द्यायचा. जोडताना टोकाला चुकून लागलेले जंतू या धारेबरोबर पोटात न जाता बाहेर पडतात. आधी धुणं, मग भरणं ही युक्ती १९८० च्या सुमारास इटलीतल्या डॉक्टरांनी रुळवली आणि तिने पेरिटोनायटिसचं प्रमाण खूप खाली आणलं. घाई असली तरी हे पाच सेकंद वाचवायचे नाहीत. मग खालची नळी चिमट्याने बंद करून भरणं, दहा मिनिटं. शेवटी पुन्हा हँडरब, नव्या कॅपमधला स्पंज आयोडीनने ओला आणि तपकिरी आहे ना हे बघणं, नळी सोडवणं, कॅप लावणं. वापरलेली कॅप परत कधीच नाही.

सासूबाईंच्या बोटांना मधुमेहामुळे स्पर्श कमी कळतो आणि अंगठ्याचे सांधे दुखतात. पिळणं पूर्ण झालं की नाही ते त्यांना जाणवत नसे. दुखऱ्या बोटांना जोर लावायला सांगण्यापेक्षा नळीखाली टेबलाचा आधार द्या, कोपरं टेबलावर टेकवा, थरथर निम्मी होते. जोडणीवर चांगला उजेड हवा. कॅप पिळणारा हात बदलून बघा, काहींना डावा जास्त जमतो. आणि खरंच जमत नसेल तर जोडणी दुसऱ्याने करायची, बाकीचं त्यांनी. यात कमीपणा नाही.

ग्लोव्ह्जबद्दल सगळे विचारतात. जोडणीला साधे ग्लोव्ह्ज लागत नाहीत. डब्यातून काढताना त्यांना हात लागतोच आणि ते घातले की माणूस बिनधास्त कुठेही शिवतो. ग्लोव्ह्ज वापरायचे ते वापरलेला द्रव ओतताना, आणि काढल्यावर हात धुवायचेच.

दिवाळी आणि थंडी

घरी पहिलं एक्स्चेंज ऑक्टोबरअखेर सुरू झालं आणि लगेच दिवाळी आली. पाहुण्यांनी भरलेलं घर वाईट नाही. फक्त एक्स्चेंजच्या वेळी खोलीत कुणी यायचं नाही, लहान मुलांनी तर नाहीच. दारावर चिठ्ठी लावली. मांजर असेल त्यांनी विशेष सांभाळावं. मांजराने नळी चावून झालेला पेरिटोनायटिस वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे.

दिव्यांचा मुद्दा महत्त्वाचा. हँडरबमधलं अल्कोहोल पेट घेतं. चोळून हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय निरांजन, पणती, गॅस, उदबत्ती यांच्याजवळ जायचं नाही, आणि पाच लिटरचा कॅन स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. हँडरब घेताना लेबलवर अल्कोहोल ६० ते ८० टक्के आहे ना ते वाचा. वास आणि रंग यांना किंमत देऊ नका. अर्धा लिटर सव्वादोनशेच्या आसपास मिळतं.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर आणखी. दोन अडचणी येतात. एक म्हणजे गार द्रवाने पोटात कळ येते. बॅग वेष्टणासकट शेकायच्या इलेक्ट्रिक पॅडवर ठेवून कोमट करायची. गरम पाण्यात बुडवायची नाही, बाहेरचं पाणी टोकांपाशी साचून राहतं. मायक्रोवेव्हमध्ये कुठे कढत, कुठे गार होते.

दुसरी अडचण हातांचीच. दिवसातून इतक्या वेळा धुऊन कातडी कोरडी पडते, मग फुटते. फुटलेल्या कातडीत जंतू ठाण मांडतात, शिवाय आग होते म्हणून माणूस नकळत कमी धुतो. गरम पाण्याऐवजी साधं पाणी वापरा, घासण्याऐवजी टिपून कोरडं करा. ग्लिसरीन असलेलं हँडरब घ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते याचसाठी घातलेलं आहे. क्रीम किंवा कोकमाचं तेल रात्रीचं एक्स्चेंज आटोपल्यावर लावायचं, आधी नाही, तेलकट हातात टोक निसटतं. भांडी घासणाऱ्या हातांना रबरी मोजे द्या. बोटावर चीर, नखुरडं किंवा पू दिसत असेल तर त्या माणसाने जोडणी करायची नाही. ट्रेनिंगला दोन माणसं पाठवा म्हटलं ते यासाठीही.

बोटाला टोचून साखर बघतानाही हात धुतलेला हवा. द्राक्षांच्या दिवसांत हे जास्तच: द्राक्ष धरलेल्या बोटावरचा रस थेंबात मिसळतो आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. हँडरबने साखर जात नाही. साबणाने धुऊन, पूर्ण पुसून, बोटाच्या कडेला टोचायचं. डायलिसिसच्या द्रवातही ग्लुकोज असतं, त्यामुळे इन्सुलिनचा डोस बदलू शकतो. चुकीच्या आकड्यावरून तो वाढवला तर ते महागात पडतं.

नळीच्या जागेची निगा, कचरा, कागदपत्रं

जखम पक्की भरल्यावर नळी बाहेर येते ती जागा सेंटरने शिकवल्याप्रमाणे धुऊन, कोरडी करून, सांगितलेलं अँटिबायोटिक मलम लावायचं. त्याआधी हात पुन्हा संपूर्ण धुवायचे. पोटावर खपली दिसली तरी नखाने उचलायची नाही. नळी पोटाला टेपने चिकटलेली हवी, ओढ बसली की ती जागा चिरते. शॉवर चालतो, डुंबणं नाही. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर जायचं तर पाणी डोक्यावर शिंपडून घ्यायचं. हे सासूबाईंना सांगायचं काम आम्ही डॉक्टरांवर सोडलं.

वापरलेला द्रव कमोडमध्ये ओततो. पिशवी खाली धरून, कोपरा कापून, हळू, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. रिकाम्या पिशव्या कागदात गुंडाळून, वेगळं बांधून घंटागाडीत सॅनिटरी कचऱ्याबरोबर देतो. कोरडी वेष्टणं आणि पुठ्ठा भंगारवाला नेतो. पुठ्ठा भरपूर साठतो: महिन्याच्या नव्वद बॅगा म्हणजे एकशे ऐंशी किलोंच्या वर माल. तो भिंतीला न टेकवता, उन्हापासून लांब, जवळची तारीख वर येईल असा लावा. रक्तवाढीच्या इंजेक्शनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून हॉस्पिटलला परत करायच्या. सुईचं टोपण पुन्हा लावायला जाऊ नका, बोटाला टोचतं ते तेव्हाच.

ट्रान्स्फर सेट साधारण सहा महिन्यांनी सेंटरमध्ये बदलतात. आमचा मार्चअखेर बदलला. त्याच दिवशी सिस्टरनी पुन्हा एक एक्स्चेंज करून दाखवायला लावलं. हे तुमच्याकडे आपणहून झालं नाही तर मागून घ्या, कारण सवय झाली की क्रमातली एखादी पायरी कधी गळून पडली ते करणाऱ्याला कळत नाही.

२०२४-२५ चं आयकर विवरण भरताना ८०डीडीबी कलमाचा उपयोग झाला. ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारखर्चावर ते करसवलत देत होतं. किडनी कायमची निकामी होणं त्या आजारांच्या यादीत होतं. अवलंबून असलेला रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर त्या वर्षी मर्यादा एक लाख होती, विम्याने दिलेली रक्कम वजा करून, आणि फक्त जुन्या करपद्धतीत. नेफ्रॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, वय, आजाराचं नाव, डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक लागले. चिठ्ठी वर्षाच्या सुरुवातीलाच मागून ठेवा. बॅगांची बिलं रुग्णाच्या नावाने घ्या, छापील शाई उडते म्हणून फोटो काढा.

टोक कशाला लागलं तर, आणि बॅग गढूळ आली तर

हे कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलं आहे.

उघडं टोक कशालाही लागलं आणि क्लॅम्प बंद होता: जोडायचं नाही. नवी कॅप लावायची, सेंटरला फोन. ट्रान्स्फर सेट बदलतात. क्लॅम्प उघडा होता किंवा द्रव आत गेल्यावर लक्षात आलं: क्लॅम्प बंद, नवी कॅप, लगेच सेंटर. अशा वेळी प्रतिबंधक अँटिबायोटिकही देतात. लपवायचं नाही, लाजायचं नाही. घरातल्या कुणीही ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी सांगायचंच राहील.

दर वेळी बाहेर आलेली बॅग छापील कागदावर ठेवून वरून बघायची. अक्षरं वाचता आली तर ठीक. पांढरे धागे तरंगत असतील तर ते बहुधा फायब्रिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं. ते सेंटरला कळवायचं, घाबरायचं नाही. अक्षरं धूसर दिसली, पोट दुखलं, ताप आला, यातलं एकही असेल तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. ती बॅग ओतून टाकायची नाही, चिमटा लावून तशीच हॉस्पिटलला न्यायची. तिच्यातल्या पेशी मोजतात आणि जंतू कोणता ते बघतात. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी तपासणीच्या आधी द्यायची नाही, तपासणीत मग जंतू सापडत नाही. निघताना बरोबर घ्यायचं: गढूळ बॅग, नोंदवही, दोन नव्या कॅप, कोमट न केलेली एक बॅग, हँडरबची छोटी बाटली आणि चालू औषधांची यादी. जाताना रिक्षात कॅपला हात लावून बघायचा मोह होतो, तो आवरायचा.